नाक कशासाठी सरळ करायचंय?

नाकाला मार लागून काही महिने उलटले की पेशंट येतात. कुणाला कबड्डीत कोपर लागलेलं, कुणी स्कूटरवरून पडलेलं. तक्रार बहुधा एकच: "डॉक्टर, एका बाजूनं श्वास घेता येत नाही." तपासल्यावर कधी आतला पडदा खरंच सरकलेला दिसतो. कधी मात्र हवा दोन्हीकडून नीट जात असते, आणि मग हळू आवाजात खरी गोष्ट बाहेर येते: "फोटोत नाक वाकडं दिसतं हो."

हे सांगायला लाजू नका. आपला आधीचा चेहरा परत हवासा वाटणं हा नखरा नव्हे. ही ओढ जुनीच आहे. टिपू सुलतानाच्या कैदेत नाक कापलं गेलेला कावसजी हा गाडीवान वर्षाहून अधिक काळ तसाच राहिला. मग पुण्याजवळच्या एका विटा बनवणाऱ्या जातीतल्या कारागिरानं कपाळाची कातडी वळवून त्याला नवं नाक दिलं. 1794 मध्ये लंडनच्या एका मासिकात ती हकिगत छापून आली.

नाक सरळ करायचं खरं कारण सांगा, शस्त्रक्रिया त्यावरच ठरते. नुसता पडदा सरळ केला तर श्वास मोकळा होईल, पण बाहेरचा बाक बहुधा तसाच राहील. पुष्कळदा दोन्ही कामं एकत्र करावी लागतात. केवळ रूपासाठीच्या शस्त्रक्रियेचा खर्च विमा सहसा देत नाही, तेही आधीच विचारून घ्या.

काही जणींचं नाक घरातल्याच माणसाच्या हातून मोडलेलं असतं. "दारावर आपटले," असं त्या सांगतात. अशा वेळी मी सोबतच्यांना बाहेर बसवून एकटीशी बोलतो. आरशात रोज तो दिवस दिसू नये, एवढंच तिला हवं असतं. पण नाकाआधी तिला सुरक्षित जागा हवी.

मार ताजा असेल तर वाट पाहू नका. नाकात दोन्ही बाजूंना मऊ, लालसर-निळी सूज येऊन नाक चोंदलं, तर पडद्यात रक्त साचलेलं असू शकतं. ते त्याच दिवशी काढावं लागतं, नाहीतर कूर्चा सडून नाक मधोमध बसतं. घोळणा फुटून आलेलं रक्त थांबलं म्हणजे सगळं ठीक, असं समजू नका. पाण्यासारखा स्राव वाहत राहिला तरी लगेच या. सरकलेलं हाड मोठ्यांमध्ये साधारण दोन आठवड्यांत, मुलांमध्ये आठवड्याभरात जागेवर बसवता येतं. ती वेळ टळली तर मोठ्या शस्त्रक्रियेसाठी सहा महिने ते वर्षभर थांबणं बरं.

येताना अपघाताआधीचे दोन फोटो आणा, एक समोरून, एक बाजूनं.