अंड्याचे कवच व सायंकाळचे शिंपले

पेडणे व डिचोली तालुक्यांतून म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात जाणारी परसातील अंडी पुष्कळदा वाटेतच तडकतात. दोष बसच्या धक्क्यांना दिला जातो. मिळकत मात्र गृहिणीची बुडते. पोषणशास्त्रातील संशोधन दुसरे कारण दाखविते.

एका कवचात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. खाल्लेल्यापैकी जवळजवळ निम्मेच अंगी लागत असल्याने, रोज अंडे देणाऱ्या कोंबडीस दररोज ४ ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागते. १०० ग्रॅम भाताच्या कोंड्यातून एक दशांश ग्रॅमही मिळत नाही.

कवच तयार होण्यास सुमारे २० तास लागतात व त्याचा मोठा भाग रात्री, कोंबडी खुराड्यात असताना बनतो. त्या वेळी पोटात काही नसेल तर ती स्वतःच्या हाडांतून कॅल्शियम काढते.

यास्तव घरी खाल्लेल्या तिसऱ्यांचे व कालवांचे शिंपले धुऊन, वाळवून ज्वारीच्या दाण्याएवढे भरडावेत व सायंकाळी निराळ्या करवंटीत ठेवावेत. जाड कण पेषणीत रात्रभर हळूहळू विरघळतात. बारीक भुकटी लवकर निघून जाते. कोंबडी गरजेपुरतेच टिपते. दाण्यात मात्र ते मिसळू नयेत, कारण लहान पिल्लांना जादा कॅल्शियम अपायकारक असते. भट्टीतील कळीचा चुना तर मुळीच देऊ नये, तो पोळतो.

एप्रिल-मेच्या उकाड्यात कोंबडी धापा टाकते, तेव्हा शिंपले देऊनही कवच काहीसे पातळच राहते. त्या दिवसांत सावली व थंड पाणी आधी पाहावे.