वॉकर घरात येण्याआधी

मूल आठ-नऊ महिन्यांचं झालं, नीट बसू लागलं, पलंगाच्या कडेला धरून उठायची धडपड करू लागलं, की बऱ्याच घरांत चाकांचा वॉकर न मागताच येऊन पोचतो. मामा आणतो, आत्या पाठवते, नाहीतर वरच्या मजल्यावरचं मूल मोठं झालं म्हणून त्याचा जुना वॉकर आपल्याकडे येतो. देणाऱ्याच्या मनात माया असते, मूल त्यात बसून घरभर फिरायला लागलं की सगळ्यांना कौतुक वाटतं, आणि मुलाच्या आईचे हात थोडा वेळ मोकळे होतात, हेही खरं. तरीही या बाबतीत माझं मत पक्कं आहे, आणि ज्यांच्याकडे मूल आता रांगायच्या बेतात आहे त्यांच्यापर्यंत ते वेळेवर पोचावं म्हणून हे लिहीत आहे. वॉकर घेऊ नका, आणि कुणी दिला तर वापरू नका. चालायला शिकताना मुलाला जे जे करावं लागतं, नेमकं तेच तो करू देत नाही. शिवाय इजेचा धोका आणतो तो वेगळाच.

चालणं म्हणजे एका पायापुढे दुसरा पाय टाकणं, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. पण दिवाण धरून उठणाऱ्या मुलाकडे पाच मिनिटं नीट पाहा. आधी दोन्ही हातांची बोटं गादीच्या काठात रुततात. एक गुडघा फरशीवर टेकलेलाच राहतो आणि दुसरा पाय पूर्ण तळव्यानिशी खाली येतो. त्या एका पायावर भार घेऊन मूल अंग वर ओढतं, पोट दिवाणाला टेकवतं, आणि पोटऱ्या थरथरत असताना मान वळवून कुणी बघतंय का ते पाहतं. पंचाईत होते ती त्यानंतर, कारण उभं राहणं जमलेलं असतं, पण खाली कसं बसायचं ते ठाऊक नसतं. मग रडू येतं, नाहीतर धपकन बसकण मारली जाते. काही दिवसांनी तेच मूल गुडघे वाकवून, एका हाताने धरून ठेवत, बेताने खाली बसायला लागतं. मग दिवाण धरून बाजूबाजूने सरकणं, दिवाणावरून खुर्चीकडे हात टाकणं, आणि दोन्हींच्या मधल्या वीतभर जागेत क्षणभर काहीच न धरता उभं राहणं. चालण्याची सगळी तयारी यातच होते. एका पायावरचा भार दुसऱ्यावर नेणं, तोल जातोय हे वेळीच कळणं, पडताना हात पुढे करणं, पडल्यावर पुन्हा उठणं हे सगळं मूल स्वतःच्या अंगाने शिकतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या कॅरन अ‍ॅडॉल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळेपणी खेळत असताना त्यांची पावलं मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सरासरी निघाली ती तासाला २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. हे पडणं शिकण्याचाच भाग आहे. ते टळावं म्हणून केलेला उपाय मुलाचा सरावच काढून घेतो.

आता वॉकरमध्ये यातलं काय उरतं ते पाहा. अंगाचा भार कापडी बैठकीवर असतो. तळवे पुरते टेकत नाहीत, चवडे टेकतात, आणि चवड्यांनी जरासा रेटा दिला की चाकं पळतात. भोवतीचं कडं पडू देत नाही, त्यामुळे तोल सावरायचा प्रश्नच येत नाही. पुढच्या रुंद ट्रेमुळे स्वतःचे पाय दिसत नाहीत. धरून उठणं नाही, वाकून बसणं नाही, जमिनीवरची वस्तू उचलणं नाही. अमेरिकेत सिगेल आणि बर्टन यांनी १०९ बाळांवर केलेला अभ्यास १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. वॉकर वापरलेली बाळं बसायला, रांगायला आणि चालायला इतरांपेक्षा उशिरा लागल्याचं त्यात दिसलं. आयर्लंडमधल्या १९० बाळांची माहिती २००२ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार वॉकरमध्ये घालवलेले एकूण तास जसजसे वाढत गेले तसतसं चालणं लांबत गेलं, आणि दर २४ तासांमागे ही लांबण सुमारे तीन दिवसांची होती. यावर कुणी रास्त शंका काढेल, की मुळात सावकाश वाढणाऱ्या मुलालाच पालक जास्त वेळ वॉकरमध्ये बसवत असतील, मग दोष वॉकरचा कसा? शंका खोटी नाही. अशा पाहणीतून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही, आणि काही लहान अभ्यासांत फरक जेमतेमच आढळला आहे. पण वॉकर घ्यायचाच झाला, तर त्याने मूल निदान लवकर चालतं एवढं तरी दिसायला हवं. तसा भरवशाचा पुरावा नाही. ज्या कामासाठी वस्तू विकत घेतो ते काम ती करत नसेल, तर ती कशासाठी आणायची?

इजेच्या बाबतीत तर शंकेलाही जागा नाही. अमेरिकेत १९९० ते २०१४ या काळात पंधरा महिन्यांखालच्या सुमारे २,३०,००० मुलांना वॉकरमुळे झालेल्या इजांसाठी रुग्णालयांच्या आपत्कालीन विभागात न्यावं लागलं. त्यातल्या नव्वद टक्क्यांहून अधिक इजा डोक्याला आणि मानेला झाल्या होत्या, आणि जवळपास तीन-चतुर्थांश मुलं वॉकरसकट जिन्यावरून पडली होती. कॅनडाने तर ७ एप्रिल २००४ पासून वॉकरची विक्री, जाहिरात आणि आयात यांवर बंदीच घातली. अमेरिकेने बंदीऐवजी नियम कडक केले. पायरीच्या काठावर अडकून थांबेल अशी रचना आली, एका जागी राहणारी खेळणी बाजारात आली, आणि इजा मोठ्या प्रमाणात कमी झाल्या. कमी झाल्या, थांबल्या नाहीत. तिथली बालरोगतज्ज्ञांची संघटना आजही बंदीचीच मागणी करते.

आपल्याकडे यावर हमखास ऐकू येणारं उत्तर म्हणजे, ‘आम्ही लक्ष ठेवून असतो.’ माझ्या मते सगळ्यात घातक समजूत हीच. वॉकरमधलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त अंतर कापतं, आणि वॉकरच्या बहुतेक अपघातांच्या वेळी मोठं माणूस जवळच असतं, पाहत असतं. पोळी उलटायला मान वळवली, दाराची बेल वाजली म्हणून दोन पावलं गेलात, तेवढा वेळ पुरतो. ‘आमच्या फ्लॅटमध्ये जिना कुठे आहे?’ हा दुसरा आक्षेप. जिना नसेल, पण न्हाणीघराचा उंबरठा असतो, बाल्कनीकडची पायरी असते, आणि चाक अशा काठाला अडलं की वॉकर पुढे कलंडतो. गावाकडच्या घरात ओटा, अंगण, चूल, पाण्याचा हौद. वॉकरमध्ये मूल उंचावरही येतं. रांगणाऱ्या मुलाचा हात जिथे पोचत नाही तिथे याचा पोचतो. टेबलावरच्या गरम चहाचा कप, इस्त्रीची लोंबणारी वायर, देवापुढची पेटती समई, कढईचा दांडा. मूल स्वतःच्या पायांनी या वस्तूंपर्यंत पोचेपर्यंत काही आठवडे जातात. त्या आठवड्यांत आपल्यालाही घर आवरायला उसंत मिळते आणि त्यालाही ‘हाय आहे, हात नको लावू’ यातलं थोडंफार कळू लागतं. वॉकर ही उसंत एका दुपारीत संपवतो.

‘आपण सगळे पांगुळगाड्यावरच शिकलो की,’ असं घरातली वडीलधारी माणसं म्हणतात. त्यांचं बोलणं झिडकारायचं कारण नाही, कारण पांगुळगाडा ही वस्तूच निराळी आहे. तीन चाकांच्या त्या लाकडी गाड्याला बैठक नसते. मूल त्याच्यामागे स्वतःच्या पायांवर उभं राहतं, दांडा धरतं आणि ढकलतं. भार पायांवर, तळवे जमिनीवर, आणि कंटाळा आला की हात सोडून खाली बसायची मुभा. ज्या मुलाला धरून उभं राहता येत नाही ते पांगुळगाडा चालवूच शकत नाही. वॉकरमध्ये मात्र जेमतेम बसणारं पाच-सहा महिन्यांचं बाळही कोंबता येतं. आजीला पांगुळगाडाच हवा असेल तर तो जरूर आणा. मूल धरून सरकायला लागल्यावरच द्या, वजनदार घ्या, आणि गुळगुळीत टाइल्सवर तो हातातून पुढे निसटतो म्हणून सोबत राहा.

मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारा आक्षेप निराळाच आहे. ‘स्वयंपाक करायचा, वॉशिंग मशीनमधले कपडे वाळत घालायचे, लॅपटॉप उघडून कामाला बसायचं, आणि घरात दुसरं माणूस नाही. मग मुलाला ठेवू तरी कुठे?’ यात तक्रारीसारखं काही नाही, ही खरी अडचण आहे. पूर्वीच्या भरल्या घरात मूल या कडेवरून त्या कडेवर जायचं. आज दोन खोल्यांत एकटी आई नाहीतर एकटा बाबा असतो. वॉकर नको असं सांगणाऱ्याने या प्रश्नाचं उत्तर द्यायलाच हवं. मुलाला फिरतं न करता एका जागी सुरक्षित ठेवणं हा त्यातल्या त्यात बरा मार्ग. बाजारात मिळणाऱ्या तयार कुंपणाने खोलीचा एक कोपरा अडवावा, खाली सतरंजी किंवा जाड चटई घालावी, आत दोन-चार वाट्या, झाकणं, लाकडी चमचा आणि एक घट्ट उशी ठेवावी. जागा स्वयंपाकघरातून दिसेल अशी निवडावी, म्हणजे आपला आवाज आणि चेहरा त्याला मिळत राहतो. कुंपण विकतचं नको असेल तर दिवाण आणि भिंतीतली जागा एका जड बाकाने अडवता येते, फक्त बाक त्याच्या ढकलण्याने हलता कामा नये. कढई चढवायची असेल तेव्हा पट्टा बांधून उंच खुर्चीत दहा-पंधरा मिनिटं चालतील, मात्र ती खुर्ची ओट्यापासून हात पोचणार नाही इतकी लांब हवी. मूल रडेल का? थोडं रडेल. वॉकरमध्ये ते हसत असतं, हे मला मान्य आहे. पण कुंपणात ते उठतं, पडतं, वाट्या आपटतं, आणि आपलं शिकणं तिथेच करत राहतं. उरलेल्या घरात काही गोष्टी त्याच आठवड्यात कराव्यात. बादल्या रिकाम्या करून पालथ्या घाला, कारण रांगतं मूल वाकून डोकावतं आणि थोड्याशा पाण्यातही जीव जातो. जिना असेल तर वर आणि खाली दोन्हीकडे फाटक लावा. टेबलक्लॉथ काढून ठेवा. घरात मोजे-बूट नकोत, अनवाणी पायाला फरशीची पकड मिळते.

वॉकर आणण्यामागे सोयीइतकीच घाईही असते. ‘तिचा नवव्या महिन्यात चालला, तुझा अजून रांगतोच?’ हे वाक्य भिशीत, लग्नात, फोनवर, सगळीकडे ऐकावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतल्या निरोगी मुलांचा पाठपुरावा केला, त्यात भारतातली दिल्लीची मुलंही होती. आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ त्यात ८.२ महिन्यांपासून १७.६ महिन्यांपर्यंत पसरलेला निघाला. म्हणजे नवव्या महिन्यात चालणारं आणि सोळाव्या महिन्यात चालणारं, दोन्ही मुलं निरोगी असू शकतात. चारेक टक्के मुलं तर हात-गुडघ्यांवर रांगलीच नाहीत, आणि तीही चालली. काळजी करायची ती तारखेवरून शेजारच्याशी तुलना करून नाही, मुलाच्या लक्षणांवरून. नऊ महिने झाले तरी आधाराविना बसत नसेल, एकच बाजू वापरत असेल, पाय सतत ताठ किंवा फारच ढिले वाटत असतील, आधी जमत होतं ते बंद झालं असेल, किंवा अठरा महिने पूर्ण होऊनही चालत नसेल, तर थांबू नका. अंगणवाडीतून किंवा दवाखान्यातून मिळालेल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वाढीचे टप्पे चित्रांसह दिलेले असतात, ते काढून पाहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अशा मुलांची मोफत तपासणी होते, आणि पुढच्या उपचारांसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. अशा मुलाला वॉकरमध्ये बसवून वाट पाहण्यात अमूल्य महिने जातात, म्हणून हा मुद्दा मी जास्त ताणून सांगते.

राहता राहिला मान-अपमानाचा प्रश्न. आत्याने हौसेने आणलेली वस्तू परत कशी करायची? माझ्या मते वस्तू यायच्या आधी बोलावं. ‘आत्या, डॉक्टर वॉकर नको म्हणतात हो, त्याऐवजी त्याला ढकलायला लाकडी गाडा आणाल का?’ असं म्हटलं की हौसही राहते आणि नातंही. वॉकर आधीच घरात येऊन पडला असेल, तर तो माळ्यावर ठेवू नका, पुढच्या बाळासाठी कुणीतरी काढतंच. कामवाल्या मावशींना किंवा गावाकडे पाठवू नका, त्यांच्या घरातला उंबरठा आपल्यापेक्षा उंच असतो. कॅनडाच्या बंदीत जुना, वापरलेला वॉकर विकणंही येतं, ते याच कारणाने. चाकं काढा, बैठकीचं कापड फाडा आणि मगच भंगारवाल्याला द्या.