पिल्लाची पहिली शाळा

घरात कुत्र्याचं पिल्लू आलं की मुलं त्याला लगेच गल्लीत फिरवायला नेतात. पण जरा थांबा. पहिली लस साधारण 6 ते 8 आठवड्यांच्या वयात देतात आणि पुढचे डोस 16 आठवड्यांपर्यंत चालतात. तोवर पार्व्हो या जीवघेण्या आजाराचा धोका असतो. त्याचा विषाणू आजारी कुत्र्याच्या विष्ठेतून मातीत जातो आणि तिथे कित्येक महिने टिकतो.

मग पिल्लाला कोंडून ठेवायचं का? तेही नाही. 3 ते 14 आठवडे हेच त्याचं जग ओळखण्याचं वय. ते वाया गेलं तर कुत्रं भित्रं होऊ शकतं, आणि घाबरलेलं कुत्रं चावतं.

मुलांकडून एवढं करून घ्या :

1. पिल्लाला उचलून घेऊन रस्ता, रिक्षा, माणसं दाखवा. खाली सोडू नका.
2. कुकरची शिट्टी, मिक्सर लांबून ऐकवा; सोबत खाऊ द्या.
3. पाहुण्यांनी चपला बाहेर काढून, हात धुऊनच त्याला घ्यावं.
4. लसी पूर्ण झालेल्या, ओळखीच्या निरोगी कुत्र्याशीच खेळू द्या.

पिल्लाचा दात किंवा नख लागलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. रेबीज लहान पिल्लालाही होतो.

पिल्लू घाबरलं तर जबरदस्ती नको. पहिलीत नव्याने आलेल्या मुलाला आपण रुळायला वेळ देतो ना, तसाच त्यालाही द्या.