जुन्या भिंतींचा रंग आणि चुन्याचा गिलावा

वाईनजीक कृष्णाकाठी मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आहे. अठराव्या शतकातील या वाड्याच्या भिंतींवर रंगविलेली चित्रे आजही पाहावयास मिळतात. पाहणाऱ्याचे लक्ष साहजिकच चित्रांकडे जाते. ज्या गिलाव्याने ती धरून ठेवली आहेत त्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक, गृहशोभेच्या या कलेत चित्रकाराइतकाच गवंड्याचाही वाटा असे.

चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सिअस तापमानाला भाजली म्हणजे कळीचा चुना तयार होतो. तो पाण्यात विरवून बरेच दिवस मुरत ठेवीत व नंतर बैलांच्या घाणीत वाळूबरोबर मळीत. त्यात गुळाचे पाणी, बेलफळाचा गर असे पदार्थ घालण्याची प्रथा होती. उत्तम कामात शेवटचा हात चाळलेल्या, लोण्यासारख्या मऊ चुन्याचा असे व तो ओलसर असतानाच गुळगुळीत दगडाने घोटीत. त्यामुळे भिंतीला जी झिलई येई ती कोणत्याही रोगणाविना येई. पुढे हा चुना हवेतील कर्बद्विप्राणिल वायू शोषून पुन्हा चुनखडीच होतो.

ओल्या गिलाव्यावर रंग दिल्यास तो चुन्याबरोबरच घट्ट होतो. कोरड्या भिंतीवर मात्र डिंक किंवा सरस मिसळून रंग द्यावा लागतो. ही रीत सोयीची खरी, परंतु असे चित्र पाण्याने पुसले जाते. गेरू, पिवडी, काजळी यांसारखे रंग चुन्याचा दाहकपणा सोसतात. पुष्कळसे वनस्पतिजन्य रंग त्यात फिके पडतात.

आता मुख्य अडचणीकडे वळू. घरात लग्नकार्य निघाले अथवा चावडीच्या दुरुस्तीस पैसे मंजूर झाले की जुन्या भिंतीवर तैलरंग किंवा सिमेंटचा गिलावा चढविला जातो. हेतू चांगला असतो, भिंत वर्षभर छानही दिसते. परंतु दगडामातीच्या जुन्या भिंतीत जमिनीतील ओल चढतच असते. चुन्याच्या सूक्ष्म छिद्रांतून ती बाहेर पडत होती. वरून घट्ट थर बसताच तिची वाट बुजते. मग ओलीबरोबर आलेले क्षार आतल्या आत स्फटिकरूप होऊन गिलावा फुगवितात आणि पोपडे सुटतात. त्यांबरोबर खालची नक्षीही जाते. अजिंठ्यास १९२० च्या सुमारास चित्रांच्या रक्षणार्थ लावलेले लाखेचे रोगण पुढे पिवळे पडून चित्रे झाकोळली, हा अनुभव तर तज्ज्ञांच्या हातचा आहे.

म्हणून जुनी वास्तू रंगविण्यापूर्वी जेथे सफेदीचे पापुद्रे आपोआप सुटले आहेत तेथे निरखून पाहावे. खाली रंगरेषा दिसल्यास खरवडू नये, पाणीही लावू नये. छायाचित्र घेऊन राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयास कळवावे. चित्र नसेल तर चुन्याचीच सफेदी द्यावी. भिंत प्रथम पाण्याने भिजवून पातळ असे तीन हात, प्रत्येक हातानंतर एक दिवस सोडून द्यावेत. ओला असताना हा थर पारदर्शक दिसतो, त्यामुळे कामगार उतावीळपणे जाड हात मारतो व तोच पुढे सुटतो. कळीचा चुना विरविताना पाण्यात चुना टाकावा, चुन्यावर पाणी ओतू नये; तो उसळून डोळ्यांस गंभीर इजा होते. शाळेची भिंत मुलांच्या मदतीने रंगविणाऱ्या शिक्षकांनी चुना विरविण्याचे काम मुलांकडे मुळीच देऊ नये.