फाइलची ओळख : नावावरून की खुणेवरून?

बारामतीच्या मार्केट यार्डात ज्वारीची पोती रचलेली असतात. पोत्यावर शाईने काहीही लिहिलेले असो, जाणता खरेदीदार तेवढ्यावर भाव बोलत नाही. तो पोत्यात टोकदार पोकळ नळी खुपसतो, दाणे तळहातावर घेतो आणि मगच बोलतो. इंटरनेटवरून येणाऱ्या फाइलींची तपासणीही अशीच करावी लागते.

फाइलच्या नावात टिंबानंतर एक शेपूट असते. 'जेपीजी' म्हणजे चित्र, 'पीडीएफ' म्हणजे दस्तऐवज, 'ईएक्सई' म्हणजे चालणारा प्रोग्रॅम. पण हे शेपूट म्हणजे पोत्यावरची शाई! ते कोणीही बदलू शकतो. आतला माल मात्र तोच राहतो.

मग माल ओळखायचा कसा? फाइल म्हणजे ० ते २५५ या आकड्यांची लांबलचक रांग. त्यातील प्रत्येक आकडा म्हणजे एक बाइट. पुष्कळ प्रकारांत सुरुवातीचे बाइट ठरलेले असतात :

जेपीजी चित्र : २५५, २१६, २५५
पीडीएफ : ३७, ८०, ६८, ७०
विंडोजचा प्रोग्रॅम : ७७, ९०
झिप : ८०, ७५

अक्षरांच्या संकेतात ७७ म्हणजे 'एम' व ९० म्हणजे 'झेड'. ही मार्क झ्बिकोव्स्की या अभियंत्याची आद्याक्षरे! ८० व ७५ म्हणजे 'पी' व 'के'. ही झिप तयार करणाऱ्या फिल कॅट्झची.

आता समजा, इंदापूरच्या एखाद्या शाळेतील संगणकांसाठी गाळणी बसवायची आहे. तिला तीन नियम द्यावेत. पहिला, फाइलचा प्रकार नावावरून नव्हे, तर खुणेवरून ठरव. दुसरा, नाव आणि खूण जुळत नसतील तर फाइल अडव. तिसरा, ज्या प्रकारांची शाळेला गरज आहे तेवढेच आत सोड.

पण येथे एक पेच आहे. वर्डचा नवा दस्तऐवज आणि अँड्रॉइड फोनचा प्रोग्रॅम, म्हणजे 'एपीके', हे दोन्ही मुळात झिपच. दोघांचीही सुरुवात ८०, ७५! म्हणून गाळणीला पेटी उघडून आतल्या फाइलींची नावे पाहावी लागतात. पेटीला कुलूप, म्हणजे पासवर्ड, असेल तर आतला माल तपासता येत नाही. अशी फाइल अडवून ठेवणेच बरे.

हा पेच किती महाग पडतो ते पाहा. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोली जिल्ह्यातील एका शासकीय कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचे निमंत्रण आले. वरून ते पीडीएफ वाटत होते, प्रत्यक्षात ते एपीके होते. त्यांच्या खात्यातून सुमारे १ लाख ९० हजार रुपये गेले. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश वाटेत सांकेतिक रूपात असतात, त्यामुळे वाटेवरच्या गाळणीला आतील फाइल दिसतच नाही. तेथे शेवटची गाळणी म्हणजे आपण स्वतः! निमंत्रण उघडताना फोन 'इन्स्टॉल करू का?' असे विचारू लागला, तर समजावे की ही पत्रिका नव्हे.

आता एक प्रयोग करा. एखाद्या पीडीएफ फाइलची प्रत घ्या. मूळ फाइलला हात लावू नका. प्रतीचे शेपूट 'जेपीजी' करा. चित्र दिसणार नाही. तीच प्रत नोटपॅडमध्ये उघडा आणि पहिली चार चिन्हे वाचा. त्यावरून सांगा पाहू, ३७ हा आकडा कोणत्या चिन्हाचा?