चांदण्यातील किनारा आणि कॅमेरा : तीन मापांचा धडा

कापडाच्या धंद्यात एक नियम सर्वांना माहीत आहे. रंगाची शेड रात्री जुळवू नये. दिव्याखाली जो रंग एक वाटतो, तो सकाळी दुकानाच्या पायरीवर दोन निघतो. चांदण्यात समुद्रकिनाऱ्याचे फोटो काढणाऱ्यानेही हाच नियम आधी समजून घ्यावा. कोकणपट्टीत आपले अनेक बांधव स्टुडिओ चालवतात, लग्नकार्याचे फोटो काढतात. हॉटेलवाले, कॅलेंडरवाले त्यांच्याकडे रात्रीच्या किनाऱ्याची चित्रे मागतात. या कामाला महाग कॅमेऱ्यापेक्षा तीन मापांचे इल्म जास्त लागते : उजेडाचे, वेळेचे आणि पाण्याचे.

पहिले माप उजेडाचे. चांदणे म्हणजे चंद्रावरून परत आलेले ऊनच. मात्र पौर्णिमेचा उजेडसुद्धा उन्हाच्या सुमारे चार लाखांवा हिस्सा असतो. एवढ्या कमी उजेडात आपल्या डोळ्याला रंग ओळखता येत नाहीत, म्हणून सर्व काही करडे दिसते. कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याला पुरेसा वेळ दिला की तो सर्व रंग गोळा करतो. आभाळ निळे, झाडे हिरवी, आणि गिऱ्हाईक विचारते, “हा दुपारचा फोटो रात्रीचा म्हणून का देता?”

याचा हिशेब असा. चौदावीचा चंद्र डोक्यावर असताना आयएसओ १६०० आणि अ‍ॅपर्चर २.८ ठेवले, तर ८ ते १० सेकंदांत दिवसासारखे चित्र येते. रात्र रात्रच दिसावी असे वाटत असेल तर वेळ निम्मा करावा. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो, म्हणून वेळ दुप्पट धरावा. अर्धा चंद्र मात्र निम्मा उजेड देत नाही. तो जेमतेम दहावा हिस्सा देतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

चंद्राची तबकडी ही वेगळी बाब आहे. ती उन्हात पडलेल्या दगडासारखी उजळ असते, त्यामुळे जमिनीच्या मापाने फोटो घेतला की चंद्र पांढरा डाग होतो. अमेरिकेतील छायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांनी १९४१ साली न्यू मेक्सिकोतील हर्नांडेझ गावावर उगवलेल्या चंद्राचे प्रसिद्ध चित्र घेतले, तेव्हा त्यांना ऐनवेळी उजेडमापक सापडला नाही. चंद्राच्या तेजाचा आकडा त्यांना पाठ होता, त्यावरून त्यांनी हिशेब केला. हुन्नर म्हणतात तो हाच.

दुसरे माप वेळेचे. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. चंद्र आपल्या पाठीमागे सह्याद्रीच्या बाजूने उगवतो आणि समुद्रात मावळतो. पाण्यावरचा चंदेरी पट्टा हवा असेल तर संध्याकाळी जाऊन उपयोग नाही, पहाटे जावे लागते. ऐन पौर्णिमेला चंद्र मावळेपर्यंत उजाडू लागते, म्हणून चांदची १२ वी रात्र अधिक चांगली. त्या रात्री चंद्र पहाटे चार-पाचच्या दरम्यान मावळतो आणि आभाळ अजून काळे असते. थंडीत तो वायव्येकडे झुकून मावळतो, उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडे. राजपुरीच्या किनाऱ्यावरून जंजिरा किल्ला पश्चिमेच्या अंगाला पाण्यात दिसतो. चंद्र किल्ल्याच्या कोणत्या बाजूला उतरेल, हे होकायंत्र घेऊन दिवसाच पाहून ठेवावे.

तिसरे माप पाण्याचे, आणि यात जिवाचा सवाल आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा किनाऱ्यावरचा जुना हिशेब. चांदची तारीख तिथीच्या साधारण एक दिवस मागे असते, म्हणून तीत एक मिळवावा. चौदावीच्या रात्री तिथी १५, तिची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे चंद्र माथ्यावर येतो त्याच सुमारास भरती पुरी होते, आणि तीही उधाणाची. फोटोवाला खडकावर तिवई लावून भिंगात पाहत राहतो आणि पाठीमागची वाट पाण्याखाली जाते. १२ वीच्या रात्री भरती पावणेदहाच्या सुमारास. पहाटे चारला ओहोटी, आणि चंद्रही मावळतीला. ओल्या वाळूत चांदणे उतरते आणि पायाखाली जमीन असते. तरीही हा अंदाज आहे. त्या दिवसाचे भरतीचे कोष्टक पाहावे, गावातल्या कोळी बांधवांना विचारावे, एकट्याने जाऊ नये.

सामानाची निगा कापडवाल्याच्या भाषेत सांगतो. खारी हवा धातू खाते. कॅमेऱ्याचे अंग घरी येताच किंचित ओल्या, मग कोरड्या मलमलीने पुसावे. मलमल जुनी, पुष्कळदा धुतलेली असावी, कारण नव्या कापडात खळ असते. भिंगाला त्याचेच खास कापड वापरावे. पहाटे दव धरते, म्हणून दर थोड्या वेळाने भिंग तपासावे.

शेवटी धंद्याची गोष्ट. आज कॉम्प्युटरवर कोणत्याही किनाऱ्यावर मोठा चंद्र चिकटवता येतो. सावल्या एकीकडे आणि चंद्र भलतीकडे असला की जाणत्याला ते लगेच कळते. जोडकाम करणे गुन्हा नाही, पण ते गिऱ्हाईकाला सांगितले पाहिजे. पॉवरलूमचा माल हातमागाचा म्हणून विकणारा एकदाच नफा कमावतो. दुसऱ्या वेळी गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाते.