उपासना आणि पाठवणी

शास्त्रपाठ : प्रेषितांची कृत्ये १३:१-३, १४:२६-२८

मंडळीचे बळ आत खर्चावे की बाहेर, हा प्रश्न आपल्या सभांतून वारंवार निघतो. कोणी म्हणतो, "आधी आपली मुले शास्त्रात वाढवा." कोणी म्हणतो, "सुवार्ता बाहेर गेली नाही, तर मंडळी कशाची?" पवित्र शास्त्र या दोहोंची फारकत करीत नाही.

१. अंत्युखिया येथील मंडळी : तेथील शिक्षक व संदेष्टे उपासना व उपास करीत असताना पवित्र आत्म्याने बर्णबा व शौल यांना मागून घेतले. पाठवणी उपासनेतून झाली. काम आटोपल्यावर ते दोघे परत आले, मंडळी जमवून देवाने केलेले सर्व सांगितले आणि शिष्यांबरोबर बरेच दिवस राहिले. जाणे आणि परतणे, दोन्ही मंडळीतूनच.

२. मुक्तीचा दाखला : छप्पनियाच्या दुष्काळात (इ. स. १८९९-१९००) पंडिता रमाबाईंनी गुजरातेतून शेकडो निराधार मुली केडगावला नेल्या. त्यांना अन्न, आसरा, शिक्षण व कामधंदा मिळाला. १९०५ साली बाईंनी खेड्यांत सुवार्ता सांगण्यासाठी स्वयंसेविका मागितल्या, तेव्हा सुमारे ३० तरुणी पुढे आल्या. त्या रोज एकत्र जमून आत्म्याच्या सामर्थ्यासाठी प्रार्थना करू लागल्या. जूनअखेर मुक्तीत मोठे संजीवन झाले, आणि पुढे तुकड्या गावोगाव निघाल्या. प्रार्थनेने काम थांबले नाही. कामाला बळ आले.

३. आपली जबाबदारी : गायकवाडांच्या काळापासून वडोदऱ्यात मराठी नांदत आहे, पण शेजार आणि बाजार गुजराती आहे. येथे मराठी उपासना जपताना दोन धोके संभवतात. मुलांना मराठी शास्त्र वाचता आले नाही, तर उपासना त्यांना परकी होईल. आणि आपण केवळ भाषेपुरते जमू लागलो, तर मंडळीचे ज्ञातिमंडळ होईल. म्हणून घरी मराठी शास्त्रवाचन चालू ठेवावे, आणि शेजाऱ्याच्या दुखण्याखुपण्यात त्याच्याच बोलीत धीर द्यावा. जो भेटीस जाईल, त्याच्यासाठी रविवारी नाव घेऊन प्रार्थना व्हावी. परतल्यावर त्याचे ऐकूनही घ्यावे.

शिक्षकांसाठी प्रश्न :
(अ) मार्क ३:१४ मध्ये प्रभूने बारा जणांना कोणत्या दोन कारणांसाठी नेमले?
(आ) आपल्या वर्गातील मुले या महिन्यात कोणाच्या घरी भेटीस जाऊ शकतील?
(इ) त्याआधी आपण सर्वांनी मिळून कशासाठी प्रार्थना करावी?